दोन रकान्यांचं माप

दिवाळी अंकाच्या बाई फोनवर म्हणाल्या, "ताई, हलकंफुलकं लिहा. लग्नाचे कपडे शिवता, किस्से काय कमी असतील तुमच्याकडे?" किस्से पोत्यानं आहेत. दोन-चार सांगतेही. पण एक गोष्ट गेल्या लगीनसराईपासून माझ्या घशात अडकून बसली आहे. ती टाळून बाकीचं सांगितलं तर मला स्वतःलाच खोटं वाटेल. तेव्हा चकली खात वाचायला हा लेख बरा नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागून मला नावं ठेवू नका.

माझं माहेर वलगाव, सासर अमरावती. शिलाई शिकले ती अमरावतीतल्याच एका म्हाताऱ्या मास्तरांकडे. ते बोलायचे कमी आणि बोलायचे ते हिंदीत. पहिले सहा महिने त्यांनी मला कात्रीला हात लावू दिला नाही. हातात नुसती पट्टी. "पहले नापना सीखो. कपडा बाद में बिगाड़ना." मी घरी येऊन नणंदेला मोजायची, सासूला मोजायची, शेवटी शेजारणी मला बघून दार लावायला लागल्या. पुढं स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा स्वतःची पट्टी घेतली आणि तिच्या टोकाला लाल दोरा गुंडाळला. दुकानात चार बाया येतात, पट्टी कुणाच्याही पिशवीत जाते, म्हणून ही खूण. पट्ट्या बदलल्या, पण प्रत्येक नव्या पट्टीला लाल दोरा गुंडाळायची सवय राहिली. या दोऱ्याचं पुढं काम आहे, म्हणून सांगितलं.

आता धंद्यातली गोष्ट. स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही. म्हणजे घेतात सगळ्याच, पण ते खरं निघत नाही. आकडा वाचायला मान खाली घातली की छाती आत जाते. पट्टी पाठीवरून फिरवायला हात उचलला की मुंढा चढतो. मुंढा म्हणजे बाही जिथं जोडतात ती गोलाई. आणि समोर आरसा असला की बाई श्वास ओढून पोट आत घेणारच, तिचं तिलाही कळत नाही. म्हणून मी माप घेताना बाईला बोलत ठेवते. पोरांची शाळा, गॅसचा नंबर, सासूचे गुडघे. सासूचा विषय निघाला की कोणतीही बाई श्वास मोकळा सोडते. नेमका तेव्हा आकडा वाचायचा.

पण लॉकडाऊनपासून सगळं बदललं. नवऱ्या पुण्यात, हैदराबादेत, आणि माप येतं फोनवर. मी आपली सूचना बोलून ठेवली आहे, तीच सगळ्यांना पाठवते. पट्टी आवळू नका, सैल सोडू नका, एखादं बोट आत जाईल इतकी ठेवा, कुणाला तरी मदतीला घ्या. कोण ऐकतं? एकीनं चार्जरची वायर अंगाभोवती गुंडाळली आणि ती शाळेच्या फूटपट्टीवर मोजली. तिचं घेराचं माप आलं, "अडीच पट्ट्या आणि वर चार बोटं." मी विचारलं, बोटं कुणाची, तुझी का तुझ्या बापाची? दुसरी म्हणाली, "ताई, कंबर लग्नापर्यंत अठ्ठावीस होईल, तुम्ही अठ्ठावीसच धरा." मी हो म्हटलं, एकतीस धरली आणि आत दोन इंच कापड दाबून ठेवलं. लग्नाच्या सकाळी तेही उसवावं लागलं.

एका मिस्तरीबाबाची गोष्ट मात्र मी कधी हसत सांगत नाही. त्याची बायको वारलेली, पोरीचं लग्न ठरलेलं. त्यानं स्वतःच्या कामाच्या लोखंडी टेपनं पोरीला मोजलं. उंची, खांदा, मनगट, कंबर, सगळं सेंटिमीटरमध्ये. छातीची जागा कोरी. तिथं लिहिलं होतं, "बाकीचं तुमच्या अंदाजानं." मी त्या पोरीला बोलावून घेतलं आणि दोन ब्लाऊज शिवून दिले. बाप बाहेर रस्त्यावरच उभा राहिला होता.

असे कागद बघून बघून मला एक खोड लागली. पोरींनी पाठवलेलं माप मी वाचेनाशी झाले, दुरुस्तच करायला लागले. इथं एक इंच वाढव, तिथं अर्धा कमी कर. अंदाज चुकत नसे. नवऱ्या फोटो पाठवायच्या, "ताई, परफेक्ट." मी दुकानात सगळ्यांना सांगायचे की पोरींचं माप म्हणजे नुसती गंमत, खरं माप इथं माझ्या डोळ्यांत आहे. तीच घमेंड नडली.

मंदाकाकू माझ्या वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. या गोष्टीतली माणसांची नावं मी बदलली आहेत. मूळच्या धामणगाव रेल्वेच्या, घरात धान्याचा व्यापार, आता अमरावतीत बंगला. त्यांच्या निखिलचं लग्न ठरलं. मुलगी पातूरची, रोहिणी नाव, अकोल्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. आमच्याकडे नवरीचा शालू नवरदेवाकडून येतो, आणि त्यावरचा ब्लाऊजही पुष्कळ घरी तेच शिवून घेतात. म्हणजे अंग पोरीचं आणि गिऱ्हाईक पोराची आई. या रीतीत काही वाकडं आहे असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

अकोल्यात दोन्ही घरांनी मिळून बस्ता फाडला, लग्नाचे सगळे कपडे घेतले, आणि शालूचं ब्लाऊज पीस काकूंनी माझ्याकडे आणून टाकलं. डाळिंबी रंग, जरीचा काठ. मी म्हटलं, नवरीला एकदा पाठवा.

"मनलं तिले, दुकानात ये. तं मनते मी घरूनच माप पाठवतो. सुट्टी नाई भेटत म्हने," काकू म्हणाल्या. "तुमीच बोला तिच्याशी." आणि नंबर दिला.

मी नेहमीची सूचना पाठवली. तीन दिवसांनी माझ्या फोनवर एका कागदाचा फोटो आला. इतका नीट कागद मला आजवर कुणी पाठवला नव्हता. रेघा आखलेल्या, अक्षर गोल, आणि रकाने दोन. डावी बाजू, उजवी बाजू. ब्लाऊजला कुणी असं माप देत नाही. एका बाजूचं घेतलं की दुसरी तीच. हिनं मुंढा दोन्हीकडचा वेगळा लिहिला होता. खांद्यापासून कमरेपर्यंत डावीकडून पंधरा, उजवीकडून साडेतेरा. खाली एक ओळ होती. "सगळी मापं दोनदा घेतली आहेत. काही शंका असल्यास कृपया फक्त मलाच याच नंबरवर विचारा."

ती ओळ मी वाचली. वाचली नाही असं म्हणायची सोय मला नाही. मला वाटलं, शिकलेली पोरगी आहे, कागदी बोलते. शंका तर होतीच, म्हणून मी फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. मी फोन ठेवून दुसऱ्या कामाला लागले.

त्याच दुपारी मंदाकाकू लेस निवडायला आल्या. मी हसत हसत फोन त्यांच्यापुढं धरला.

"पाहा काकू, तुमची सून लॅबवाली. ब्लाऊजचं माप पाठवलं का रिपोर्ट?"

काकूंनी चष्मा लावला. "दोन-दोन आकडे काहून हायेत?"

"डावी-उजवी येगळी मोजली तिनं."

"मोजली, पन येगळी आली काहून?"

इथं मी तोंड बंद ठेवायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की विचारते तिला. पण दुकानात आणखी दोन बाया बसलेल्या, आणि मला माझी हुशारी दाखवायची. मी म्हटलं, "उभी राह्यली असन वाकडी. पोरीयले कुठं जमते सोताचं माप? दीड इंचाचा फरक कोनाच्या आंगात असते का?"

बाया हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी कागद बोटांनी मोठा करून पाहिला, मग खालची ओळ वाचली, आणि म्हणाल्या, "हे मले पाठवा." मी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला त्यांची गाडी दारात होती. आत त्यांची जाऊ आणि नणंद, पुढं ड्रायव्हरशेजारी निखिल. "आमी पातूरले जाऊन रायलो, शेला दाखवाले," काकू म्हणाल्या. "सोबतच मापई घेऊन येतो. तुमची पट्टी द्या जरा."

मला बरं वाटलं, हे कबूल करते. काम सोपं झालं असं वाटलं. मी पट्टी दिली, आणि वर शिकवलंही. तिला भिंतीला पाठ टेकवून सरळ उभी करा. ओढणी काढायला सांगा. दोन्ही खांद्यांवर हात ठेवून पाहा. जाऊबाई मान डोलावत ऐकत होत्या. एवढं मन लावून माझं शिकवणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी काकू आल्या. पट्टी काउंटरवर ठेवली, नीट गुंडाळून.

"माप बरोबर होतं तिचं," त्या म्हणाल्या.

मला कळेना. मी म्हटलं, "मंग दीड इंच?"

"पाठ वाकडी हाये पोट्टीची. एक खांदा खाली. लपवून ठेवलं होतं लोकायनं. तिथंच सांगून आलो, आमाले जमनार नाई." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "बरं झालं बाई. तुमच्यामुळं वाचलो. कापड राहू द्या, दुसरी पाहू, तिचंच शिवजा."

त्या गेल्यावर मी खुर्चीत बसले ती बसूनच राहिले. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये म्हटलं.

आता जे त्या काकूंना सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही ते इथं लिहिते. दोन्ही बाजू सारख्या असलेलं अंग मी तेहतीस वर्षांत पाहिलेलं नाही. पाव इंच, अर्धा इंच, कुठं ना कुठं फरक असतोच. पाणी वाहून एक खांदा उतरतो, पोर कडेवर घेऊन एक कंबर चढते. मंदाकाकूंचा स्वतःचा डावा मुंढा उजव्यापेक्षा पाऊण इंच मोठा आहे. वीस वर्षं मी तो झाकून शिवते आणि त्यांना ठाऊकही नाही. माझा धंदाच तो आहे. दीड इंच म्हणजे काही डोंगर नाही. उतरत्या खांद्यात पातळ पॅड, पाठीचे दोन भाग वेगळे कापलेले, काठ सरळ दिसेल अशी खालची दुमड, आणि त्या बाजूला वरून शेला. मांडवात हजार माणसं असती तरी एकाला कळलं नसतं. रोहिणीनं दोन रकाने त्यासाठीच आखले होते. तिनं माप पाठवलं ते शिवणाऱ्या बाईला, आणि मी ते चार बायांत वाचून दाखवलं.

काकूंचं पीस मी दुसऱ्याच आठवड्यात परत पाठवलं. तब्येत बरी नाही असं कळवलं. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही, कारण वीस वर्षांचं गिऱ्हाईक. तेही तुटलं ते तुटलंच. मग मी माझ्याजवळचं एक गर्द जांभळं सिल्क काढलं, फोनवरचा तो कागद समोर ठेवला, आणि त्या आकड्यांवर ब्लाऊज शिवला. एकही आकडा दुरुस्त केला नाही. एक ब्लाऊज शिवायला चार दिवस लागले. तो पिशवीत घालून अमरावतीहून अकोला, अकोल्याहून पातूर अशी एका रविवारी गेले. तिला फोन करून विचारलं होतं. ती "या" एवढंच म्हणाली होती.

दार तिच्या आईनं उघडलं. "कोन तुमी?"

"अमरावतीची. ब्लाऊज शिवनारी."

बाईनं मला खालून वर पाहिलं. "आता काय मोजाचं रायलं?"

मी उंबऱ्याबाहेरच उभी होते. आतून रोहिणी म्हणाली, "येऊ दे आई त्यायले." बारीक, गव्हाळ, केस मागं बांधलेले. खांद्यांकडे पाहायचं नाही असं बसमध्ये ठरवलं होतं, तरी माझी नजर आधी खांद्यांकडेच गेली. तिनं ते पाहिलं.

पाणी झालं, चहा झाला. माफीची चार वाक्यं मी बसमध्ये घोकली होती, त्यातलं एकही नीट आलं नाही. रोहिणीच बोलली. बारा वर्षांची असताना शाळेच्या तपासणीत कळलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी पाठीला पट्टा दिला, तो चार वर्षं अंगावर वागवला, मग पाठीचं वाकणं थांबलं. दुखत नाही, काम अडत नाही.

"लपवलं नव्हतं मी," ती म्हणाली. "त्याले पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो म्हने मले काही नाही, आईले लग्न झाल्यावर सांगू, मी पाहून घेईन. म्हणून तुमाले लिहिलं होतं, मलेच विचारा."

"मंग त्या दिवशी तो होता ना इथं?"

"या खुर्चीत बसला होता. आत तिघींनी मले भिंतीले उभं केलं, ओढणी काढ म्हणाल्या. बाहेर येऊन त्याच्या आईनं त्याले विचारलं, तुले माहीत होतं का. तं म्हने, नाही."

भिंत आणि ओढणी. मी तिला सांगितलं, ते मी शिकवलं होतं.  तिची आई उठून आत गेली.

मग मी विचारलं, कारण न विचारता राहवेना, की एकटीनं एवढं अचूक माप घेतलंस कसं. "आईले धरायले सांगितलं की ती रडते," रोहिणी म्हणाली. "म्हणून टिकल्या लावल्या. दोन्ही खांद्यांवर एक एक, कमरेवर एक एक. म्हणजे जागा हलत नाही. मंग टिकलीपासून टिकलीपर्यंत दोरा धरायचा, सरळ समोर पाहायचं, श्वास सोडायचा आणि दोरा चिमटीत पकडायचा. मंग तो टेबलावर ठेवून मोजायचा." टिकल्या. तेहतीस वर्षं पोरींना बोलून बोलून घसा कोरडा केला, आणि मला ही साधी गोष्ट सुचली नव्हती. मान खाली घालायची गरज नाही, हात वर न्यायची गरज नाही.

मी पिशवीतून ब्लाऊज काढला. घालून पाहतेस का, म्हटलं. तिनं जरा वेळ घेतला, मग आत जाऊन घालून आली. पाठीची शिवण एके ठिकाणी तपासावी म्हणून मी सवयीनं पर्समधून पट्टी काढली. ती एकदम मागं सरकली, कपाटाला टेकली.

"हीच होती," ती म्हणाली. तिची नजर लाल दोऱ्यावर होती.

मी पट्टी पर्समध्ये टाकली, पर्स खोलीच्या बाहेर नेऊन ठेवली, आणि मोकळ्या हातांनी परत आले. नुसत्या बोटांनी शिवण पाहिली. कुठंही झोळ नव्हता. कपाटाच्या आरशात तिचे दोन्ही खांदे एका रेषेत दिसत होते. तिची आई दारात येऊन उभी राहिली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "असं कधीच नोतं बसलं कोनतं." माझ्या कामाची इतकी मोठी पावती मला कधी मिळाली नव्हती, आणि ती घ्यायची मला लाज वाटली.

रोहिणी आरशात बराच वेळ पाहत होती. वळून पाठ पाहिली. "हे शिवता येत होतं तं," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

निखिलचं लग्न पुढच्याच महिन्यात झालं. ब्लाऊज दुसरीकडे शिवला म्हणे. रोहिणीचं अजून ठरलेलं नाही. पातूरपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांना आता तिची पाठ माहीत आहे, आणि ते कुणामुळं हे आजवर फक्त आम्हा चार-पाच जणींना.

त्या रविवारी निघताना रोहिणीच मला स्कुटीवरून स्टँडवर सोडायला आली. मी नको नको म्हणत होते. अकोल्याची बस लागायची होती. आम्ही दोघी शेडखाली उभ्या. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "ताई, एक विचारू? तो कागद भेटल्यावर तुमी मले फोन केला होता ना?"

"केला होता ना. तू उचलला नाहीस."

"लॅबमधे फोन लॉकरमधे ठेवा लागते. सहा वाजता पाहिला. वाटलं, शंका असन तं पुन्हा कराल." ती थांबली. "किती वेळा केला होता?"

मला आठवायची गरज नव्हती.

"एकदा," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"मी माप दोनदा घेतलं होतं," ती म्हणाली.

बस आली. तिनं माझी पिशवी वर चढवून दिली, खिडकीजवळची जागा रिकामी आहे म्हणून दाखवली, आणि सांभाळून जा म्हणाली.